मॅकियाव्हेलीच्या भाषेला कचेरीची धार

26 डिसेंबर 1502. इटलीतल्या रोमान्या प्रांतात, चेझेना गावच्या चौकात, त्या सकाळी रामिरो दे लोर्का या अधिकाऱ्याचे दोन तुकडे केलेले प्रेत पडले होते. रामिरो हा ड्यूक सेझारे बोर्जियाचा भरवशाचा माणूस. प्रांतातली बेबंदशाही त्यानेच निर्दयपणे मोडून काढली होती. बोर्जियाच्या हालचालींवर नजर ठेवायला फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने पाठवलेला एक सचिव तेव्हा तिथेच होता. त्याने त्याच दिवशी आपल्या सरकारला कळवले: रामिरो आज सकाळी चौकात दोन तुकड्यांत आढळला, अजून तिथेच आहे, साऱ्या लोकांनी त्याला पाहिले, मरणाचे कारण नीट समजत नाही, ड्यूकच्या मनात आले एवढेच, माणसे लायकीप्रमाणे हवी तशी उभी करता येतात आणि मोडता येतात, हे तो दाखवून देतो आहे.

अकरा वर्षांनी त्याच सचिवाने, निक्कोलो मॅकियाव्हेलीने, राज्य कसे मिळवावे आणि टिकवावे यावरच्या ‘द प्रिन्स’ या आपल्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात हीच घटना पुन्हा लिहिली. इथे कारण अगदी स्वच्छ आहे. ड्यूकने प्रांत ताळ्यावर आणायला एका क्रूर माणसाला सर्वाधिकार दिले. काम झाल्यावर लोकांचा द्वेष आपल्यावर येऊ नये, क्रौर्य आपले नव्हे तर त्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचे होते असे दिसावे, म्हणून त्याने संधी साधली आणि एका सकाळी त्याला चौकात दोन तुकड्यांत टाकले, शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताने माखलेला सुरा. त्या दृश्याने लोक तृप्तही झाले आणि दिङ्मूढही.

दोन्ही मजकूर एकाच हातचे. वाक्ये तशीच आखूड, विशेषणे तशीच मोजकी, हळहळ दोन्हीकडे नाही. फरक एकाच ठिकाणी आहे. ‘कारण नीट समजत नाही’ हे पहिल्या मजकुरातले वाक्य दुसऱ्यातून नाहीसे झाले. मला जे म्हणायचे आहे ते सगळे या नाहीशा झालेल्या वाक्याभोवती आहे. मॅकियाव्हेलीची भाषा ही चौदा वर्षांच्या सरकारी नोकरीने घडवलेली भाषा आहे, हे अभ्यासक बऱ्याच काळापासून सांगत आले आहेत. पण त्या नोकरीने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या: लेखणीला धार, आणि त्या धारेवर वेसण. 1512मध्ये नोकरी गेली तेव्हा धार त्याच्याजवळ राहिली, वेसण सुटली. जगाने ज्या पुस्तकासाठी त्याला सैतान म्हटले, ते पुस्तक या सुटलेल्या अवस्थेत लिहिलेले आहे.

हा केवळ पाचशे वर्षांपूर्वीच्या एका लेखकाच्या शैलीचा प्रश्न नाही. मॅकियाव्हेलीचे नाव आपण आजही शिवीसारखे वापरतो किंवा बिरुदासारखे. एक पक्ष म्हणतो, त्याने राजकारणातून नीती हाकलली. दुसरा म्हणतो, त्याने राजकारणाचे शास्त्र उभे केले, म्हणून तो थंड आहे. दोघेही त्याला खोलीत एकट्याने विचार करणारा तत्त्वज्ञ समजतात. मला तो तसा दिसत नाही. मला दिसतो तो वरिष्ठांना कळवणारा, मसुदे करणारा, पगारासाठी अर्ज करणारा माणूस. तिथून सुरुवात केली तर त्या पुस्तकातली कठोर वाक्ये वेगळी ऐकू येतात.

मॅकियाव्हेलीचा जन्म 1469चा. बाप बेर्नार्दो कायदा शिकलेला, पण कर्जात बुडालेला; घरात पैसा कमी आणि पुस्तके बरी. लिव्हीच्या रोमच्या इतिहासाची प्रत मिळावी म्हणून बेर्नार्दोने एका मुद्रकाला त्या ग्रंथातल्या स्थळनामांची सूची करून दिली होती. मुलगा एकोणतिसाव्या वर्षापर्यंत काय करत होता याचा फारसा माग लागत नाही. मग 1498च्या मे महिन्यात सावोनारोला या धर्मोपदेशकाला फ्लॉरेन्सच्या चौकात फाशी देऊन जाळले, त्याच्या गटाची माणसे सरकारातून गेली, आणि जून महिन्यात हा तरुण दुसऱ्या सचिवालयाचा प्रमुख झाला. पहिले सचिवालय परराष्ट्रांशी होणाऱ्या, मुख्यतः लॅटिन पत्रव्यवहाराचे. दुसऱ्याकडे फ्लॉरेन्सच्या ताब्यातला मुलूख, किल्ले, फौज, दाणागोटा. महिन्याभरात त्याच्याकडे ‘दहा जणांची समिती’ म्हणजे युद्धखातेही आले. पत्रे बहुतेक तोस्काना प्रांताच्या बोलीत, मध्येमध्ये ‘तामेन’, ‘एतिआम’, ‘प्राएतेरेआ’ असे लॅटिन जोडशब्द पेरलेली. सचिवालयाची ती सवयच होती. ‘द प्रिन्स’मध्ये प्रकरणांची शीर्षके लॅटिन आणि मजकूर तोस्कानी आहे, आणि त्या मजकुरातही हे जोडशब्द जागोजाग आहेत.

या कामाचे स्वरूप नीट डोळ्यांसमोर आणायला हवे, कारण भाषा तिथेच घडली. फ्लॉरेन्सचे सर्वोच्च मंडळ दर दोन महिन्यांनी बदलत असे. आठ प्रायर म्हणजे सदस्य आणि एक अध्यक्ष, दोन महिने सत्तेत, मग नवे. 1502मध्ये पिएरो सोदेरीनीला तहहयात अध्यक्ष केले तरी बाकीचे बदलतच राहिले. टिकून राहत ते सचिव. म्हणजे बाहेरगावाहून आलेले पत्र जो वाचणार, त्याला मागचा संदर्भ ठाऊक असेलच असे नाही. प्रत्येक पत्राने स्वतःच्या पायावर उभे राहायचे: कोण कुणाच्या बाजूला, किती घोडेस्वार, पैसा कुठून येतो, आणि आता आपण काय करायचे. त्या मंडळात व्यापारी असत, सावकार असत, जुन्या घराण्यांचे लोक असत. त्यांना अलंकार नको होते. त्यांना आज दुपारी मत द्यायचे होते.

उलट दिशेने जाणारी पत्रेही तोच लिही. किल्लेदाराला, कोतवालाला, भाडोत्री सेनापतीला. त्यांवर मंडळाचे नाव. वाक्य ‘आम्ही’ने सुरू. तंबी, विचारपूस, हिशेबाची मागणी. अशी हजारो पत्रे आज उपलब्ध आहेत. ज्याच्या हातून इतकी पत्रे दुसऱ्याच्या नावाने गेली, त्याला हुकमाचा सूर वेगळा शिकावा लागत नाही. पुढे ‘राजाने असे केले पाहिजे’, ‘हे आवश्यक आहे’ असे तो सहज लिहितो, त्यामागे उपदेशकाचा आव नाही. मसुदेकाराचा हात आहे.

आणि परगावी गेल्यावर त्याचा दर्जा काय होता? तो पूर्ण अधिकाराचा वकील म्हणजे राजदूत नव्हता. तसे वकील बड्या घराण्यांतून निवडले जात आणि तह करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असे. मॅकियाव्हेलीला पाठवले जाई ते निरोप पोचवायला, वेळ काढायला, पाहायला आणि कळवायला. 1499मध्ये फोर्लीला कातेरीना स्फोर्झाकडे, 1500मध्ये फ्रान्सच्या बाराव्या लुईकडे, 1502च्या ऑक्टोबरपासून इमोलाला बोर्जियाकडे, 1503मध्ये पोप निवडला जात असताना रोमला, 1506मध्ये दुसऱ्या ज्युलियस पोपच्या छावणीत, 1507च्या अखेरीस सम्राट मॅक्सिमिलियनकडे. सगळीकडे हातात अधिकार नाही. ज्याला निर्णय घेता येत नाही त्याच्यापाशी बारकाईने पाहण्यावाचून दुसरे भांडवल उरत नाही. ‘द प्रिन्स’च्या अर्पणपत्रिकेत तो म्हणतो, डोंगराचे चित्र काढणारा खाली मैदानात उभा राहतो, राजांचा स्वभाव ओळखायचा तर सामान्यांतला असावे लागते. ही नम्रतेची रीत म्हणून वाचली जाते. मला ती सचिवाच्या जागेची सरळ नोंद वाटते.

फ्रान्समधून 1500मध्ये त्याने जे कळवले ते वाचून आजही चकित व्हायला होते. फ्रेंच लोक फक्त दोघांना मान देतात, ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याला आणि जो पैसे मोजायला तयार आहे त्याला. तुमच्याकडे दोन्ही नाही असे ते मानतात, आणि तुम्हाला ‘श्रीयुत शून्य’ म्हणतात. हे त्याने आपल्या मालकांना लिहिले! नोकरीत जेमतेम दोन वर्षे झालेली. पण अहवालाचा धर्मच तो आहे. समोरच्याला आपण कसे दिसतो हे गोड करून कळवले तर पुढचा निर्णय चुकतो आणि त्याची किंमत गावे आणि किल्ले देऊन मोजावी लागते. ‘शस्त्रहीन माणसाचा तिरस्कार होतो’ हे ‘द प्रिन्स’मधले सूत्र लोक त्याच्या कठोर तत्त्वज्ञानाचा नमुना म्हणून उद्धृत करतात. त्याआधी तेरा वर्षे तो अपमान त्याने आपल्या सरकारच्या वतीने झेलला होता.

त्याच्या गद्याची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे ‘हे तरी, नाही तर ते’. पुस्तकाचे पहिलेच वाक्य: माणसांवर सत्ता गाजवणारी सगळी राज्ये एक तर प्रजासत्ताके असतात, नाही तर राजसत्ता. मग राजसत्ता वंशपरंपरेच्या तरी असतात किंवा नव्या. नव्या पूर्णपणे नव्या तरी किंवा जुन्याला जोडलेल्या. हा फाटा फुटत जाणारा विचार कुठून आला? 1499मध्ये त्याने युद्धखात्यासाठी पिसाबद्दल एक टिपण केले. पिसा हे शहर 1494मध्ये फ्लॉरेन्सच्या हातातून गेले होते. टिपण असे चालते: पिसा परत घेणे आवश्यक आहे यात कुणाला शंका नाही, मार्ग दोन, बळ किंवा प्रेम, प्रेमाने ते येणार नाही, म्हणजे बळ, बळाचेही दोन प्रकार, वेढा घालून उपाशी मारणे किंवा तटावर चालून जाणे. निर्णय घेणाऱ्यासमोर पर्याय मांडून एकेक खोडत जायचे, शेवटी एक उरतो. कोणत्याही चांगल्या सरकारी टिपणाची ही चाल आहे. ती पुढे एका जगप्रसिद्ध ग्रंथाची चाल झाली.

पण टिपणातून ग्रंथात जाताना तिचे काहीतरी बदलले. 1502मध्ये अरेत्सो आणि वाल्दिकियाना खोऱ्याने बंड केले. फ्लॉरेन्सने बंड मोडले आणि मग धरसोडीची शिक्षा केली. 1503च्या टिपणात मॅकियाव्हेली लिव्हीच्या इतिहासातला दाखला देतो: लॅटिन शहरांच्या बंडानंतर रोमनांनी काही शहरांवर उपकार केले, काही नेस्तनाबूत केली, मधला मार्ग घेतला नाही. तुम्ही अरेत्सोच्या बाबतीत मधला मार्ग घेतला, आणि तो घातक आहे. इथे शहराचे नाव आहे, शत्रूचे नाव आहे, बोर्जिया शेजारी दबा धरून बसला आहे, आणि वाचणाऱ्यांना ‘नाही, हे आपल्याला लागू नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे. दहा वर्षांनी ‘द प्रिन्स’च्या तिसऱ्या प्रकरणात तेच असे उतरते: माणसांना एक तर गोंजारावे, नाही तर संपवावे. आता अरेत्सो गेले. 1503 गेले. राहिली ‘माणसे’. एका बंडाबद्दलची शिफारस सगळ्या मनुष्यजातीबद्दलचा नियम झाली. वाचकाला जो शहारा येतो तो मतामुळे कमी, आणि संदर्भ गळून पडल्यामुळे जास्त येतो असे मला वाटते.

असेच एक वाक्य सल्लासभांतून आलेले आहे. मोठा प्रश्न आला की फ्लॉरेन्सचे मंडळ शहरातल्या प्रतिष्ठित नागरिकांना बोलावून मत विचारी. सचिवालयातले लोक नोंदी ठेवत. त्या सभांत एक बोल वारंवार ऐकू येई: घाई नको, काळाचा लाभ घ्यावा. म्हणजे थांबून पाहावे. तिसऱ्याच प्रकरणात मॅकियाव्हेली लिहितो की आमच्या काळच्या शहाण्यांच्या तोंडी रोज असलेला हा बोल रोमनांना कधी आवडला नाही. काळ सगळेच पुढे रेटतो, चांगलेही आणि वाईटही. या वाक्यात मला एक थकलेला माणूस ऐकू येतो. चौदा वर्षे त्याने ‘काळाचा लाभ’ घेणाऱ्यांसाठी घोडी दमवली, दरबारात ताटकळला, ‘माझे सरकार विचार करत आहे’ असे बोर्जियाला आणि राजांना सांगत राहिला. तो राग सैद्धांतिक नाही. तो कामावरचा राग आहे.

आता वेसणीकडे येतो, कारण तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. 1522मध्ये रफाएल्लो जिरोलामी हा फ्लॉरेन्सचा वकील म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सकडे स्पेनला निघाला. त्याला मॅकियाव्हेलीने अनुभवाचे चार शब्द लिहून दिले. झालेली गोष्ट कळवणे सोपे आहे, तो म्हणतो. चाललेली मसलत हुडकणे आणि तिचा शेवट काय होईल याचा अंदाज बांधणे अवघड, कारण तिथे फक्त तर्क आणि पारख हाताशी असते. आणि तुझा निष्कर्ष तुझ्या तोंडी घालू नकोस, लोकांना ते खुपते. आधी सगळी वस्तुस्थिती मांड, मग लिही: ‘हे सगळे लक्षात घेता इथल्या जाणत्या लोकांना असे वाटते की अमुक घडेल.’

वरवर ही दरबारी युक्ती आहे. पण तिच्यात शिस्तही आहे. निष्कर्ष दुसऱ्याच्या तोंडी घालायचा तर आधी वस्तुस्थिती भरपूर द्यावी लागते. वाचणाऱ्याला निष्कर्ष न पटल्यास तो वस्तुस्थिती ठेवून निष्कर्ष बाजूला सारू शकतो. स्वतः मॅकियाव्हेलीला ही शिस्त जड जात असे. 1502च्या शरदात तो इमोलात असताना सचिवालयातला त्याचा मित्र बियाजो बुओनाकोर्सी त्याला बजावतो की तुझी पत्रे उत्तम असतात, पण निष्कर्ष तू फार जोरकस काढतोस. म्हणजे घरी कुणीतरी वाचत होते, मापत होते, मागे ओढत होते. रामिरोच्या पत्रातले ‘कारण नीट समजत नाही’ हे वाक्य या वातावरणातले आहे. खोटे कारण कळवले आणि पुढच्या आठवड्यात वेगळेच निघाले तर जाब द्यावा लागणार होता. पाचच दिवसांनी, 31 डिसेंबरला, सेनिगाल्लियात बोर्जियाने आपल्या फितूर सरदारांना बोलावून पकडले आणि वितेल्लोत्सो वितेल्लीचा गळा आवळला. अशा माणसाच्या शेजारी राहून अंदाज लिहिणाऱ्याला ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची किंमत समजते.

1512च्या ऑगस्टअखेरीस स्पॅनिश फौजेने फ्लॉरेन्सजवळचे प्रातो लुटले, सोदेरीनी पळाला, पूर्वी शहरावर सत्ता गाजवलेले मेदिची घराणे परतले. 7 नोव्हेंबरला मॅकियाव्हेलीला बडतर्फ केले. वर्षभर फ्लॉरेन्सच्या मुलखाबाहेर जायचे नाही, जामीन मोठ्या रकमेचा. पुढच्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून कैद झाली. हात मागे बांधून दोरीने टांगून खाली सोडण्याचा छळ त्याने सहा वेळा सोसला. मार्चमध्ये मेदिचींपैकीच एक जण दहावा लिओ म्हणून पोप झाला, त्या आनंदात कैदी सुटले. मग सांत आंद्रेआ या खेड्यातले घर, आणि 10 डिसेंबर 1513चे, मित्र फ्रान्चेस्को वेत्तोरीला लिहिलेले पत्र.

त्या पत्रात तो सांगतो की संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीनांच्या दरबारात जातो. त्यांना त्यांच्या कृत्यांची कारणे विचारतो, ते उत्तर देतात, आणि त्यांच्या बोलण्यातले जे मोलाचे वाटले ते टिपून ठेवतो. लोक यात वाचनाचे माहात्म्य पाहतात. मला यात सवय दिसते. दरबारात जा, कारणे विचार, टिपून घे: हीच त्याची चौदा वर्षांची नोकरी होती. फक्त आता कळवायला कुणी नव्हते. त्याच पत्रात तो म्हणतो की राज्यकारभाराच्या अभ्यासात गेलेली पंधरा वर्षे मी झोपेत किंवा खेळात घालवली नाहीत, आणि दुसऱ्यांच्या खर्चाने अनुभव मिळवलेला माणूस कुणालाही हवासा वाटावा. मेदिचींनी निदान दगड ढकलायचे काम तरी द्यावे, अशी त्याची याचना आहे. हे वाचताना मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटते, आणि ते लपवण्याची गरज वाटत नाही.

‘द प्रिन्स’ म्हणजे न मागितलेला अहवाल. वाक्यरचना तीच, पर्यायांची फोड तीच, निकड तीच. पण ‘जाणत्या लोकांना असे वाटते’ गेले आणि ‘मी म्हणतो’ आले. वस्तुस्थितीची लांबलचक पाने गेली; तिच्या जागी निवडक दाखले आले, आणि प्रत्येक दाखला निष्कर्षाच्या सेवेला. बुओनाकोर्सी कागद वाचून ‘जरा जोर कमी कर’ म्हणायला नव्हता. दोन महिन्यांनी बदलणारे, कुरकुरणारे, शंका काढणारे मंडळ नव्हते.

याचा सर्वांत बोलका पुरावा पुस्तकात नसलेल्या एका नावात आहे. भाडोत्री सैन्य टाकून स्वतःच्या प्रजेची फौज उभारावी, हा मॅकियाव्हेलीचा ध्यास. 1505च्या अखेरीपासून त्याने तोस्कानाच्या खेड्यांतून माणसे उभी केली, 1506च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा झाला, नऊ जणांचे मंडळ नेमले गेले आणि त्याचा सचिव तोच. 1509मध्ये पिसा परत मिळाले त्यात या फौजेचा वाटा होता. आणि 1512मध्ये प्रातोच्या तटावर हीच फौज कोसळली. ‘द प्रिन्स’ची बारावे आणि तेरावे ही दोन प्रकरणे भाडोत्री सैन्याविरुद्ध आणि स्वतःच्या फौजेच्या बाजूने आहेत, त्यांत प्रातोचा उल्लेख नाही. तो अजून सचिव असता तर प्रातोबद्दल सविस्तर खुलासा द्यावा लागला असता: किती माणसे होती, कुठे खिंडार पडले, दारूगोळा किती, अधिकारी कोण, आणि योजनेतच काही चुकले होते का. त्या खुलाशातून गेलेला सिद्धांत कदाचित टिकला असता, कदाचित बदलला असता. पुस्तकाला खुलासा मागणारा कुणी नव्हता.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही: भाषा कचेरीत नव्हे, घरातल्या लिव्हीत घडली; रोमन इतिहासकारांचे आखूड, करकरीत गद्य वाचूनच हा माणूस असा लिहू लागला. वाचनाचा वाटा मी नाकारत नाही. इमोलात असतानाही त्याने प्लुटार्कची चरित्रे मागवली होती. पण त्याच इमारतीत पहिल्या सचिवालयाचा प्रमुख मार्चेल्लो आद्रियानी बसत होता. तो विद्यापीठात शिकवणारा पंडित, ग्रीक वैद्यकग्रंथाचा लॅटिन अनुवादक. लॅटिन वाङ्मय त्याला मॅकियाव्हेलीपेक्षा कितीतरी जास्त येत होते. त्याच्या गद्याने राजकीय विचाराची भाषा बदलली नाही. अभिजात वाचन तेव्हा फ्लॉरेन्समधल्या शेकडो शिकलेल्या माणसांकडे होते. त्या वाचनाला घोडेस्वारांच्या संख्येशी आणि दाणागोट्याच्या हिशेबाशी रोज झटावे लागले ते दुसऱ्या सचिवालयात.

दुसरा एक फ्लॉरेन्सकर शेजारी उभा केला की हे आणखी स्पष्ट होते. फ्रान्चेस्को ग्विचार्दीनी मॅकियाव्हेलीपेक्षा चौदा वर्षांनी लहान, बड्या घराण्यातला, पोपच्या वतीने मोदेना आणि पुढे रोमान्याचा कारभार केलेला. त्याने निर्णय घेतले आणि त्यांचे परिणाम भोगले. त्याच्या लिखाणात ‘बहुधा’, ‘प्रसंग पाहून’, ‘याला अपवाद असे’ यांची गर्दी आहे. शब्दाशब्दाला रोमनांचा दाखला देणाऱ्यांची चूक तो दाखवतो, आणि मॅकियाव्हेलीबद्दल स्पष्ट लिहितो की त्याला असाधारण आणि हिंसक उपाय नेहमीच अतोनात आवडत. कारभारी अपवादांत जगतो. सचिवाला कारभाऱ्यासमोर दोनच वाटा ठेवायच्या असतात, नाही तर तो निर्णयच घेत नाही. मॅकियाव्हेलीचा ‘हे तरी, नाही तर ते’ हा सूर समोर कारभारी बसलेला असताना हितकारक होता. समोरची खुर्ची रिकामी झाल्यावर तोच सूर शेवटचा शब्द बनला.

मराठीत हा विषय काढताना मला आपल्या सरकारी कागदाची आठवण होणे अटळ आहे. 1964च्या राजभाषा अधिनियमाने मराठी महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा झाली, पण ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी’, ‘मान्यतेस्तव सादर’ या वाक्यांनी तिची जी मूर्ती लोकांच्या मनात बसली, तिच्यामुळे आपण धरून चालतो की कचेरीत भाषा मरते. दोष शब्दकोशांना दिला जातो, संस्कृतप्रचुर पर्यायांना दिला जातो. शब्द सोपे व्हावेत हे मलाही हवे. पण फ्लॉरेन्सच्या त्या खोल्यांतही ठरीव मायने होते, लॅटिनचे ठिगळ होते, तोंडपाठ आदरार्थी संबोधने होती, आणि तरीही भाषा जिवंत राहिली. कारण पत्र कुणी लिहिले हे माहीत होते, कुणाला ठरवायचे आहे हे माहीत होते, आणि अंदाज चुकला तर काही आठवड्यांत उघडे पडत होते. ‘करण्यात यावी’ या क्रियापदाला कर्ताच नाही. तिथे नवा शब्दकोश पुरणार नाही.

1526मध्ये सम्राटाच्या फौजेची भीती वाढली तेव्हा मेदिचींनी मॅकियाव्हेलीला पुन्हा एक सरकारी काम दिले, फ्लॉरेन्सच्या तटबंदीचे. पेद्रो नावार्रो या अनुभवी स्पॅनिश सेनानीबरोबर त्याने तट पायी पाहिला आणि त्याचा अहवाल केला. तोवर ‘द प्रिन्स’ हस्तलिखितात फिरत होते, छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर 1532मध्ये. रोमन इतिहासावरचे त्याचे मोठे पुस्तकही लिहून झाले होते. इतके लिहिलेला हा माणूस त्या अहवालात तटाच्या एकेका तुकड्यावरून पुढे सरकतो, कुठे बुरूज हवा, कुठे भिंत कशी फिरवावी हे सांगतो, आणि मत नावार्रोचे आहे तिथे ते नावार्रोचे म्हणूनच नोंदवतो. ‘मधला मार्ग घातक’ असे सूत्र तिथे नाही, माणसांच्या स्वभावावर एकही नियम नाही. ज्यांना ‘द प्रिन्स’ शिकवायचे आहे त्यांनी 1502ची इमोलाची पत्रे, वाल्दिकियानाचे टिपण आणि हा तटाचा अहवाल एकाच पुस्तकात बांधून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, आणि सातवे प्रकरण वाचण्याआधी 26 डिसेंबरचे पत्र वाचून घ्यावे.